न पिणाऱ्याचं लिव्हर

सर खोकल्याचं औषध घेत नसत. खोकत असत.

बाटलीवरची बारीक अक्षरं ते प्रयोगशाळेतलं भिंग लावून वाचत, आणि त्यात अल्कोहोल हा शब्द सापडला की बाटली दुकानदाराला परत. एकदा वैद्यांनी द्राक्षासव दिलं, तेही परत. “आसव म्हणजे काय हो? संस्कृत बोलणारी दारूच!” कोरोनाच्या काळात शाळेच्या फाटकाशी शिपाईमामा सॅनिटायझरची बाटली घेऊन उभे असत. सर हात पाठीमागं बांधून त्यांना वळसा घालून जात आणि नळावर कोपरापर्यंत साबण लावत.

“हाताला लावायचं हाय सर, प्यायचं न्हाय,” मामा म्हणायचे.

“कातडी पीत नाही कशावरून? पुरावा?”

हा ‘पुरावा’ त्यांच्या तोंडात सुपारीसारखा कायम घोळत असायचा. पोरगं म्हणालं, पोट दुखत होतं, की पुरावा. हेडमॅडम म्हणाल्या, यंदा निकाल चांगला लागेल, की पुरावा. मी एकदा सहज म्हणालो, “आज लई गरम आहे.” सर प्रयोगशाळेत गेले, तापमापी आणली, खिडकीत धरली आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं, चित्रकार. आता बोला.” सोलापुरात एप्रिल महिन्यात गरम आहे हे सिद्ध करून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. म्हणजे फळ्यावर कलश आणि नारळ काढून देत होतो, आणि मुलं ते आपापल्या परीनं बिघडवत होती. सर विज्ञान शिकवायचे. वयानं, मानानं, आवाजानं, सगळ्यानंच मोठे. तरी आमची जोडी जमली, आणि ती जमली एका अंड्यावरून.

दर गांधी जयंतीला सभागृहात सरांचा व्यसनमुक्तीचा प्रयोग असायचा. काचेच्या पेल्यात अंड्याचा पांढरा बलक. त्यात सर प्रयोगशाळेतलं स्पिरिट ओतायचे. बघता बघता तो पारदर्शक बलक पांढरा पडायचा, गोळा व्हायचा, आखडायचा. सर पेला उंच धरायचे आणि खर्जात म्हणायचे, “हे तुमचं लिव्हर.” सभागृहात पंखा तेवढा ऐकू यायचा. मग कान धरून शपथ. शहराच्या पूर्वभागातली, यंत्रमागावर खपणाऱ्या बापांची मुलं घरी जाऊन सांगायची, बाबा, आज तुमचं लिव्हर बघून आलो.

अडचण एकच होती. सर पक्के शाकाहारी, घरात कानडी आणि सोवळं. अंड्याला हात लावायचे नाहीत. त्यामुळं अंडं आणणं, फोडणं, बलक वेगळा करणं आणि उरलेलं नाहीसं करणं ही खाती माझ्याकडं. उरलेलं मी कसं नाहीसं करायचो ते सरांनी कधी विचारलं नाही. मिरपूड मी घरून आणायचो.

मुलांनी त्यांचं नाव ‘अंडेवाले सर’ ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. “नाव चुकीचं आहे,” ते म्हणायचे, “अंडेवाले तुम्ही. मी स्पिरिटवाला.”

एका वर्षी मी घोळ घातला. सकाळी घाईत कोपऱ्यावरच्या गाडीवरून अंडं उचललं, ते निघालं उकडलेलं. मला कळलं ते स्टेजवर, पेल्याच्या काठावर ते आपटल्यावर. सर माइकवर सांगत होते, “आता बघा, दारू पोटात गेल्यावर काय होतं ते,” आणि मी बलकाऐवजी टरफल सोलत उभा. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ह्ये तर दारू न पिताच कडक झालंय की!” सभागृह कोसळलं. सरांनी हसू ओसरू दिलं आणि शांतपणे म्हणाले, “उष्णतेनंही होतं. निसर्गात एका परिणामाला एकच कारण असतं, असं नाही.” मग माझ्याकडं वळून, माइक हातात तसाच धरून, “आणि मूर्खपणालाही.”

त्यांची एक गोष्ट मला फार आवडायची. ते कुणाबद्दल कुणाला विचारत नसत. ज्याचं त्यालाच विचारत. एकदा एका मुलीचा बाप भरदुपारी झुलत झुलत फाटकाशी आला. “कुटं हाय त्यो अंडीवाला? माज्या पोरीला काय बी शिकवतो?” आम्ही सगळे स्टाफरूमची दारं लावायच्या बेतात. सर बाहेर गेले, त्याला सावलीत बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि विचारलं, “तुम्ही पिता का?” इतकं सरळ त्याला आजवर कुणी विचारलं नसावं. बायकोनं शिव्या दिल्या असतील, भावांनी टोमणे मारले असतील. तो सावरून बसला. म्हणाला, “व्हय.” “रोज?” “व्हय सर, रोज.” मग दोघं बराच वेळ बोलत बसले. त्यानं पुढं सोडली की नाही, ठाऊक नाही. पण पुन्हा आला तेव्हा चप्पल बाहेर काढून आला.

आता सरांची दुसरी बाजू. दारूवर जेवढा राग, तेवढीच गुळावर माया. शेंगापोळी म्हटलं की सर विज्ञान विसरत. खमंग शेंगदाण्याचा कूट, गूळ, वर तुपाची धार. घरून वहिनी डब्यात मोजून देत, म्हणून माझ्या डब्यातली त्यांची हक्काची. गड्ड्याच्या जत्रेत आम्ही पाळणे बघायला जायचो आणि सर उसाच्या रसाचा चरक बघायचे. मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या. मी म्हणायचो, “सर, साखर?” ते म्हणायचे, “साखरेनं कुणी बायकोला मारल्याचं ऐकलंय का?” मी डबा पुढं सरकवायचो. मी स्वतः महिन्यातून एक-दोनदा अक्कलकोट रस्त्यावरच्या धाब्यावर मटण-भाकरीला ‘बसणारा’ माणूस. सरांना ते माहीत होतं, कारण त्यांनी मला विचारलं होतं आणि मी सांगून टाकलं होतं. “बरं,” म्हणाले होते, “शपथेच्या वेळी कान धरू नका. ढोंग दिसतं.”

सरांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष लागलं आणि शाळेत शिक्षकांसाठी यकृत तपासणीचं शिबिर आलं.

शिबिराचा डॉक्टर आमचाच विद्यार्थी. माझ्या तासाला त्यानं कलशात नारळ उलटा बसवला होता, हे मी विसरलो नव्हतो. आता पोटविकाराचा तज्ज्ञ, होटगी रस्त्याला दवाखाना. त्यानं एक नवं मशीन आणलं होतं. आडवं व्हायचं, उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांच्या मधल्या जागेवर थंडगार मलम, आणि त्यावर एक दांडा टेकवून मशीन बारीक बारीक टिचक्या मारतं. टिचकीची लहर लिव्हरमधून जाते. लिव्हर जेवढं घट्ट, तेवढी लहर वेगात, तेवढा आकडा मोठा. चरबी किती, तेही सांगतं. सुई नाही, रक्त नाही.

रिकाम्या पोटी यायला सांगितलं होतं. ते वाक्य मी वाचलं होतं, पण आदल्या दिवशी घरी शेंगापोळ्या झालेल्या. डबा उघडला. सर म्हणाले, “रिकाम्या पोटी म्हणजे जेवणाआधी. हे जेवण नव्हे.” दोन गेल्या.

मशीनवाला भाई मोठा बोलका. “सर, हाथ उप्पर लेव. हिलना नक्को. हा, बस.” आधी माझं झालं. “आपका नरम है सर. मऊ.” मी खट्टू झालो. मऊ म्हणजे काय? पडद्याआड सर झोपले होते. टिचक्या वाजल्या. भाई म्हणाला, “इनका कडक आया, डॉक्टरसाब.”

आता मला सांगा, आमच्या गावात कडक या शब्दाला कुणी वाईट म्हणेल का? भाकरी कडक, चहा कडक, इस्त्री कडक, भाषण झालं की कडक. मी पडदा बाजूला सारून टाळीच वाजवली, “वा सर! कडक!” दारात रांगेत उभे असलेले मास्तर, मामा, सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरचा चेहरा बघून मला कळलं, की इथं काहीतरी उलटं आहे. सर उठून बसले, शर्टाची बटणं लावली. मला म्हणाले, “चित्रकार, लिव्हर मऊच असावं लागतं.”

डॉक्टरनं विचारलं, काही खाल्लं होतं का. सरांनी खरं ते सांगितलं. “मग सर, हा आकडा पक्का धरू नका. पोटात अन्न असलं की आकडा वाढून येतो. उपाशीपोटी दवाखान्यात या, पुन्हा करू.” मला केवढं हायसं वाटलं! म्हणजे सगळा दोष माझ्या डब्याचा.

पण मी हात धुवायला गेलो तर डॉक्टर मागोमाग आला. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाला, “सर, एक विचारू? आपले सर… घेतात का हो कधी?” आणि अंगठा ओठाशी नेला.

“अरे, त्यांनाच विचार की.”

“मी? सरांना? कसं विचारू? त्यांनी माझा कान धरून शपथ दिलीय.”

इथं एक साधा शब्द पुरला असता. नाही. दोन अक्षरं. पण मला विनोद सुचला, आणि मला विनोद सुचला की तो बाहेर आल्याशिवाय राहत नाही. मी म्हणालो, “बाबा रे, कुणाच्या पोटात काय असतं ते मी कसं सांगू? मशीन तुझं आहे!” मीच हसलो. तोही हसला, पण त्याचं हसणं डॉक्टरचं होतं.

पुढच्या आठवड्यात सर उपाशीपोटी जाऊन आले. आकडा थोडा उतरला, पण उतरून मधल्या पट्ट्यात अडकला. ना इकडचा, ना तिकडचा. रक्ताच्या तपासण्या म्हणत होत्या काळजी नको, मशीन म्हणत होतं काळजी घ्या. सरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते कागदावरच्या एका चिन्हाचं. डॉक्टरनं लिहिलं होतं, ‘फॅटी लिव्हर. नॉन-अल्कोहोलिक?’

स्टाफरूममध्ये कागद माझ्यापुढं ठेवून त्यांनी त्या चिन्हावर बोट ठेवलं. “हे कुणासाठी?”

“सर, डॉक्टरांची सवय असते तशी.”

“व्याकरणात याला प्रश्नचिन्ह म्हणतात. प्रश्न कुणाला विचारलाय?”

तोवर शाळेत गोष्ट पसरली होती. माझ्या टाळीनंच तिची दवंडी दिली होती म्हणा. मामा मला चहा देताना म्हणाले, “सरांचं लिवर कडक झालंय म्हंत्यात. आतनं घेत असतील का वो?” मामांना तरी दोष कसा द्यायचा? लिव्हर कशानं कडक होतं, हे त्यांनी दर दोन ऑक्टोबरला सभागृहाच्या दारात उभं राहून सरांच्याच तोंडून ऐकलं होतं. अख्ख्या पूर्वभागाला सरांनी एवढंच शिकवलं होतं, आणि पूर्वभाग चांगला विद्यार्थी निघाला. किराणावाला मला विचारी, वहिनींना त्यांच्या नणंदा विचारीत, हेडमॅडम क्लार्कला विचारीत. सगळे सगळ्यांना विचारत होते.

आणि खरं सांगू? मला आतून थोडं बरं वाटत होतं. वाईट तर वाटतच होतं, पण बरंही. इतकी वर्षं ज्या माणसाशेजारी बसून मी डबा खाल्ला, ज्याच्यापुढं धाब्यावरून आल्यावर वेलची चघळली, तोही कुठंतरी कपाटामागं बाटली ठेवत असेल, तर आम्ही सगळे सुटलो. मी तसं मानलं नाही. पण पुसूनही टाकलं नाही.

सप्टेंबरात हेडमॅडमनी सरांना बोलावलं. मी तिथंच फलक रंगवत होतो. मॅडम फार गोड बोलल्या. “सर, यंदा तब्येत सांभाळा. दोन ऑक्टोबरचा कार्यक्रम आपण नव्या सरांना देऊ. ते व्हिडिओ दाखवतील. तुम्ही फक्त समोर बसा.”

“माझी तब्येत तासभर पेला धरण्याइतकी आहे.”

“तसं नाही सर. पालक… म्हणजे बोलतात ना लोक.”

“काय बोलतात?”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी ब्रश धुवायला गेलो.

त्याच संध्याकाळी सर मला घेऊन डॉक्टरकडं गेले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “सुई घाला. तुकडा काढा. बायोप्सी.”

डॉक्टर गडबडला. लोक बायोप्सी नको म्हणून हातापाया पडतात, हा माणूस मागतोय. “सर, तुमचा आकडा अधलामधला आहे, म्हणून करता येईल. पण घाई नाही. वजन उतरवू, साखर बंद करू, सहा महिन्यांनी पुन्हा मशीनवर बघू. बहुतेकांचं त्यातच भागतं. सुईत थोडा का होईना, रक्तस्रावाचा धोका असतो.”

“टिचकी मारून मडकं फुटकं आहे का ते कळतं. आत पाणी आहे की ताक, ते कळत नाही.”

“सर, सुईनं तरी केवढं कळणार? शेवईच्या तुकड्याएवढं येतं.”

“शितावरून भाताची परीक्षा होते की नाही?”

“भात सगळीकडं सारखा शिजला असेल तर होते, सर. लिव्हर कधी कधी एका बाजूला करपलेलं, दुसऱ्या बाजूला बरं असतं.” मग टेबलाकडं बघत, “आणि सर, कारण काय… म्हणजे साखरेचं की कशाचं… ते तुकड्यावरून नक्की सांगता येईलच, असं नाही.”

“तुकडा खोटं बोलत नाही,” सर म्हणाले. “माणसं बोलतात.”

परतताना रिक्षात ते अचानक म्हणाले, “तुमचं ते उकडलेलं अंडं आठवतं? त्या पोराला मी उत्तर बरोबर दिलं होतं. पण ते सोडून पुन्हा तोच धडा शिकवत राहिलो. इतकी वर्षं अर्धाच.” मी म्हणालो, “सर, तुम्ही मूर्खपणाबद्दलही बोलला होतात.” ते हसले नाहीत.

बायोप्सीच्या दिवशी वहिनी आणि मी बरोबर होतो. सर टेबलावर, उजवी कूस उघडी. सिस्टरनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि सर कोपरावर उठून बसले.

“ते नको.”

“काका, जंतू मरायला लागतं ते.”

“तेच सांगतोय. त्यातनं सुई आत जाणार, आणि तुकड्यात ते सापडणार. मग तुम्ही म्हणाल, सापडलं.”

सिस्टरला कळेना हा माणूस काय बोलतोय. वहिनी पदर तोंडाला लावून कानडीत काहीतरी पुटपुटल्या. तीस वर्षं प्रयोगशाळेत पेला धरलेला माणूस, त्याला का कळत नव्हतं की असं होत नाही? कळत असणार. पण भीतीपुढं कुणाचं विज्ञान टिकलंय? शेवटी डॉक्टरनं दुसरं औषध मागवलं, पिवळंधमक, बिनस्पिरिटचं, बाटली सरांना दाखवली. सरांनी भिंग मागितलं. भिंग वहिनींच्या पिशवीत होतं. वाचलं. “हं,” म्हणून आडवे झाले. श्वास रोखायला सांगितला, टक् असा आवाज झाला. झालं. मग उजव्या कुशीवर बराच वेळ पडून राहायचं. तसेच पडून त्यांनी मला विचारलं, “केवढा निघाला?” मी म्हणालो, “शेवईएवढा.” “आखूड की लांब?” मी म्हणालो, “खिरीतली, सर.” आता हसले. दुखलं म्हणून लगेच थांबले.

अहवाल आला तो दोन ऑक्टोबरच्या आदल्या दिवशी. शाळा सुटली होती. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. सर पाकीट घेऊन आले आणि खिडकीपाशी उभं राहून वाचत राहिले. माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडं. एवढा वेळ त्यांना प्रश्नपत्रिका वाचायलाही लागत नसे.

मग कागद माझ्यापुढं ठेवला. इंग्रजी होतं. चरबी आहे. सूज आहे. धागे पडलेत, म्हणजे तो कडकपणा, मध्यम. काळजी घेतली तर मागं फिरण्याजोगं. शेवटी लिहिलं होतं की असं चित्र दारूनंही दिसतं आणि दारूशिवायही. केवळ तुकड्यावरून कारण सांगता येत नाही. आणि त्याखाली तीन शब्द. काइंडली कोरिलेट क्लिनिकली.

“याचा अर्थ सांगा, चित्रकार.”

“सर, तुम्हाला येतंच की इंग्रजी.”

“तुम्ही सांगा.”

मी म्हणालो, “म्हणजे… आम्हाला कळलं ते आम्ही लिहिलं. पुढचं पेशंटशी पडताळून बघा.”

“पडताळून म्हणजे?”

“म्हणजे पेशंटला विचारा.”

सर खुर्चीत बसले. दोन्ही हात टेबलावर ठेवले, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. माझ्याकडं सरळ बघत म्हणाले,

“मग विचारा की.”

बाहेर मामा वर्गांना कुलपं घालत होते. विचारायचं म्हणजे शंका होती हे कबूल करायचं. नाही विचारायचं म्हणजे… तेव्हा मला वाटलं, न विचारणं हाच आदर. आता वाटतं, त्या आदरानंच त्यांना सुईखाली नेलं. एका माणसानं समोर बसून, सर, तुम्ही कधी घेतलीत का, असं विचारावं, एवढ्यासाठी त्यांनी बरगडीत भोक पाडून घेतलं होतं, आणि तो प्रश्न फिरून फिरून माझ्यापुढं येऊन बसला होता. मी म्हणालो, “सर, चहा सांगू?”

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. “सांगा,” म्हणाले. “बिनसाखरेचा.”

दुसऱ्या दिवशी सभागृहात व्हिडिओ झाला. त्यात कुठल्यातरी परदेशी माणसाचं रंगीत लिव्हर होतं. सर पहिल्या रांगेत बसले आणि शपथेच्या वेळी सगळ्यांबरोबर त्यांनीही कान धरले. मी धरले नव्हते. मार्चमध्ये ते निवृत्त झाले आणि पुण्याला मुलीकडं राहायला गेले. फोनवर बोलायचे. साखर सोडली होती, रोज चालायला जात होते. तिथल्या मशीनवर आकडा उतरला म्हणून कळवलं, खुशीत. मी म्हणालो, “पुरावा?” ते म्हणाले, “आता नाही मागत मी.”

गेले ते हृदयविकारानं, सकाळी फिरून आल्यावर. डॉक्टर भेटला तेव्हा तोच सांगत होता की लिव्हरवाल्यांना बऱ्याचदा हृदयच नेतं. आणि म्हणाला, त्या आजाराचं नावही आता बदललंय. ते ‘नॉन-अल्कोहोलिक’ काढूनच टाकलं. ‘दारूचं नाही’ असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला आधी दारूच आठवते म्हणून. मी त्याला म्हटलं, थोडं आधी काढायचं होतं रे. माझ्यासारखंच त्यालाही काहीतरी गिळायचं होतं.

शाळेत शोकसभा झाली. माणसं पुष्कळ आली होती. सगळे चांगलं बोलले, मीही बोललो, दोन विनोद केले. संपल्यावर फाटकाशी गाड्या काढताना सरांचा एक जुना विद्यार्थी भेटला. आता चादरीचं दुकान आहे त्याचं. डोळे पुसत होता. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “लिव्हरचं होतं ना सरांना?”

“हृदयाचा झटका आला.”

“ते शेवटी की. आधी लिव्हरच होतं म्हंत्यात. आमाला एवढं अंडं दाखवायचे, आणि सोता…” त्यानं अंगठा ओठाशी नेला.

“घेत नव्हते,” मी म्हणालो.

“तुमाला काय म्हाईत?”

“मी विचारलं होतं त्यांना.” इतक्या सहज मी आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो. “तोंडावर विचारलं होतं.”

“मग? काय म्हणाले?”

“नाही म्हणाले.”

“हां, मग न्हाय घेतली,” तो म्हणाला आणि हेल्मेट चढवलं. “सर खोटं बोलायचे न्हाईत.”